दॉन फोर्तुनातोंची अस्सल चावी

लॉस आंदेस रस्त्यावर संपूर्णपणे कायदेशीर अशी एकच वस्तू होती आणि ती दॉन फोर्तुनातो किस्बेर्त यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेली होती. तो होता भरतकामाच्या सॉफ्टवेअरचा परवाना. सोनेरी फ्रेममध्ये, काचेमागे, ग्रान पोदेरच्या येशूच्या तसबिरीशेजारी. खरं म्हणजे तसबिरीपेक्षा बोटभर वरच. त्यांच्या पत्नीने, दोन्या एर्मिनियाने, हे लक्षात आणून दिलं तेव्हा दॉन फोर्तुनातोंनी खुर्चीवर चढून तसबीर वर सरकवली. परवाना खाली घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

हा सगळा रस्ता भरतकामवाल्यांचा. बोलिव्हियातल्या ला पासमध्ये मोरेनादा हा नाच नाचणारी जेवढी मंडळं आहेत त्यांचे पोशाख, टोप्या आणि झेंडे इथूनच जातात. पूर्वी हे सुईवर व्हायचं. आता नक्षी संगणकावर काढायची आणि यंत्राने शिवायची. नक्षीचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे होतं आणि सगळ्यांचं चोरीचं होतं. त्यात गिधाडांचा राजा कोंदोर काढावा तर शिवून येताना कधी कधी त्याची कोंबडी व्हायची, पण चोरीच्या मालाची तक्रार करायची कुणाकडे? गिऱ्हाईकही फार बारकाईने बघत नसे. नाचताना कोंबडी काय आणि कोंदोर काय, हलतंच.

अशात ‘लॉस इन्विक्तोस’ या मोठ्या मंडळाने आपला नवा झेंडा दॉन फोर्तुनातोंना करायला सांगितला. भर बैठकीत, बिअरचा ग्लास हातात असताना, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “झेंड्यावरचा कोंदोर पंख पसरून उभा राहील आणि त्यात एक टाका चोरीचा नसेल!” हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अशी वाक्यं त्यांच्या तोंडून आपोआप निघत आणि मग ती खरी करता करता त्यांच्या नाकी नऊ येत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अस्सल सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीने एक कागद पाठवला, त्यावर ठळक अक्षरांत परवान्याची चावी होती. चावी म्हणजे किल्ली नव्हे, आकडे आणि अक्षरं यांची एक लांबलचक माळ. ती संगणकात घातली की सॉफ्टवेअर उघडतं. दॉन फोर्तुनातोंनी ती घातली आणि कागद फ्रेम करायला दिला.

आता घरात नवी वस्तू आली की तिची च्याल्या करावी लागते. गाडी असो, शिवणयंत्र असो, तिच्यावर बिअर शिंपडायची, कागदी माळा घालायच्या, रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, धरणीमातेला, पाचामामाला, तिचा घोट द्यायचा. हे न करता वापरलेली वस्तू फार दिवस टिकत नाही, हे रस्त्यावरचं लहान मूलही सांगेल. आणि समारंभ म्हटला की पाद्रिनो हवा. आमच्याकडे केकचा धर्मपिता असतो, बँडचा असतो, भाड्याच्या खुर्च्यांचासुद्धा असतो. मग परवान्याचा का नसावा? हा मान गेला दॉन कासिमिरो विल्का यांना. ते मिरवणुकांचे निवेदक. आवाज असा की माईक ते केवळ शोभेसाठी हातात धरत.

च्याल्या झोकात झाली. अख्खा रस्ता आला. समोरचे दॉन तेओफिलो आपाझा आले, ज्यांचं दॉन फोर्तुनातोंशी वीस वर्षांचं प्रेम आणि वीस वर्षांची चुरस. कोपऱ्यावर आपी हे मक्याचं पेय विकणाऱ्या दोन्या नीवेस आल्या, सोबत गरम आपीचा मोठा हंडाच घेऊन. संगणकावर बिअर शिंपडली, पडद्याभोवती माळा गुंडाळल्या, इंटरनेटच्या डबीलाही माळा घातल्या, कारण तिने काय घोडं मारलं होतं? मग दॉन कासिमिरो उठले. भाषण झालं, टाळ्या झाल्या, तरी त्यांच्या हातात माईक उरलाच. समोर फ्रेम दिसली आणि त्यांनी ती वाचायला सुरुवात केली.

“ए! सात! के! नऊ!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडने ढोल बडवला. ग्लास उंचावले गेले. मग पुढचा गट, पुन्हा टाळ्या, पुन्हा ढोल, पुन्हा ग्लास. शेवटचा आकडा, आठ, त्यांनी असा लांबवला की दोन्या नीवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. दॉन फोर्तुनातोंनी स्वतः पुढे होऊन सांगितलं, “कोम्पाद्रे, मागच्या लोकांना ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा!”

आणि कासिमिरोंनी ते पुन्हा एकदा वाचलं. सावकाश.

हँगओव्हर ओसरल्यावर दॉन फोर्तुनातोंनी कोंदोर शिवायला बसावं म्हणून संगणक लावला तर पडद्यावर अक्षरं आली: परवान्याची पडताळणी करता आली नाही. सर्व्हरशी संपर्क होत नाही.

“पडताळणी?” दॉन फोर्तुनातो म्हणाले. “माझी?”

त्यांनी संगणक बंद करून पुन्हा लावला. चावी पुन्हा घातली. तारा हलवल्या. मग पडद्याला परवान्याची फ्रेम दाखवली. हे त्यांनी नंतर कबूल केलं नाही, पण एर्मिनियाने पाहिलं होतं. संपर्क झाला नाही. मिरवणूक आठवड्यावर आली होती आणि कोंदोरची नक्षी त्या सॉफ्टवेअरच्या पोटात अडकून पडली होती.

बातमी रस्त्यावर पोचायला वेळ लागला नाही. दोन्या नीवेस म्हणाल्या, च्याल्या झाली ती संगणकाची, परवान्याची झालीच नाही, त्याच्या काचेवर थेंबही पडला नव्हता, तो रुसलाय. आणखी कुणी यातिरीकडून, म्हणजे पानांवरून भविष्य सांगणाऱ्याकडून, कोकाची पानं टाकून घ्यायला सुचवलं. यातिरीने पानं चादरीवर टाकली, बराच वेळ पाहिली आणि सांगितलं, “लांब एक बाई दिसते. ती तुमचं ऐकतच नाही.” समोरचे दॉन तेओफिलो तर दारात उभे राहून म्हणाले, “माझं बघा कोम्पाद्रे. चोरीचं आहे, पण बिचारं कधी कुणाशी संपर्क मागत नाही. मुकाट्याने काम करतं.” हे दॉन फोर्तुनातोंना फारच झोंबलं. मनुष्य प्रामाणिकपणासाठी खिसा रिकामा करतो आणि त्याला प्रामाणिक असल्याचा पुरावा मागतात. चोराला कुणी काही विचारत नाही.

त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पुष्कळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला. यास्मीन तिचं नाव.

“सेन्योर, मी इथून तपासलं. तुमचं पोर्ट बंद दिसतंय.”

दॉन फोर्तुनातो ताठ झाले. बोलिव्हियाचा समुद्र शेजाऱ्याने युद्धात हिसकावून घेतला त्याला शतक उलटून गेलं, पण आमच्या माणसाजवळ बंदराचा विषय काढायचा नसतो. “सेन्योरिता,” ते म्हणाले, “आमचं पोर्ट बंद नाही. ते चोरून नेलंय. आणि एक दिवस आम्ही ते परत घेणार आहोत!”

 मग यास्मीन हळूच म्हणाली की, ती संगणकाच्या जोडणीबद्दल बोलत होती आणि बहुतेक दोष इंटरनेटचा असावा, तेव्हा त्यांच्या कार्यालयात विचारा. तिच्या सहनशीलतेचं कौतुक केलं पाहिजे.

इंटरनेटच्या कार्यालयात खिडकीमागच्या तरुणाने आपल्या पडद्यात डोकावून सांगितलं, “इथून तर तुमचं चालू दिसतंय.”

“तुम्हाला दिसतंय ना?” दॉन फोर्तुनातो म्हणाले. “मग माझा झेंडा तुम्हीच इथे शिवा!”

तरुणाने ओळखपत्राची छायाप्रत मागितली. ती दिली. मग ती दोन्ही बाजूंची हवी होती. तीही दिली. मग अर्जातला ‘व्यवसाय’ हा रकाना रिकामा दिसला, तिथे दॉन फोर्तुनातोंनी ‘कलावंत’ लिहिलं. तरुणाने ते खोडून ‘इतर’ केलं. त्या एका शब्दावरून खिडकीत एवढी बाचाबाची झाली की रांगेतले लोक दोन पक्षांत वाटले गेले. शेवटी ‘कलावंत, इतर’ असं ठरलं आणि गुरुवारी माणूस येईल असं सांगण्यात आलं.

गुरुवारी रुफिनो नावाचा माणूस खरंच आला. त्याने डबी पाहिली. डबी माळांनी नवरदेवासारखी सजलेली. त्याने खिशातला पेचकस काढला, पाहिला आणि परत खिशात घातला.

“च्याल्याच्या माळा आहेत ना या?”

“आहेत.”

“त्या आपोआप पडेपर्यंत काढायच्या नसतात. मला तीन लेकरं आहेत, सेन्योर. मी हात लावणार नाही. तुम्ही काढा.”

“मीच घातल्यात! मी काढल्या तर दुप्पट पाप!”

दोघेही डबीकडे बघत उभे राहिले. ज्या भक्तिभावाने माळा घातल्या होत्या त्याच भक्तिभावाने काम अडलं होतं. एर्मिनियाने हातातलं काम टाकलं, दोघांना बाजूला केलं, जमिनीवर थोडी दारू ओतून म्हणाली, “पाचामामा, हे दोघे पुरुष आहेत, यांना माफ कर,” आणि माळा खस्सदिशी ओढल्या.

रुफिनोने तार उपसली. भोकात बिअरने भिजून घट्ट बसलेला गुलाबी कागदाचा गोळा होता. तो टोकदार पिनेने काढला, आतली जागा पुसली, तार परत खोचली. डबीवर हिरवा दिवा लागला. दॉन फोर्तुनातोंनी दारात जाऊन अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “संपर्क झाला!” आणि परत येऊन संगणकासमोर बसले.

पडद्यावर नवीन वाक्य होतं: ही चावी सध्या दुसरीकडे वापरात आहे. कृपया नंतर प्रयत्न करा.

ते त्यांनी दोनदा वाचलं. पुन्हा फोन, पुन्हा संगीत, पुन्हा यास्मीन. या वेळी ती गंभीर होती.

“सेन्योर, तुमचा परवाना एकाच यंत्राचा आहे. चावी दुसरीकडे चालू दिसली की आमची यंत्रणा नोंदवलेलं यंत्र, म्हणजे तुमचंच, अडवते. आणि तुमची चावी तुमच्या सगळ्या परिसरात चालू आहे. रस्त्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत. एक यंत्र तर वर एल आल्तो शहरातही आहे. तुम्ही ओळखता या लोकांना? की चोरीची तक्रार नोंदवू? नोंदवली तर ही चावी रद्द होईल. नवी मिळायला दोन आठवडे लागतील.”

दॉन फोर्तुनातोंनी फोन कानाला तसाच धरून दारातून समोर पाहिलं. दॉन तेओफिलोंच्या दुकानात यंत्र धडधडत होतं आणि त्याच्याखालून एक कोंदोर बाहेर येत होता. सुरेख. चोच बाकदार, पिसं वेगवेगळी. कोंबडीशी काहीही संबंध नसलेला.

त्यांच्या डोक्यात एवढा संताप चढला की तक्रार हा शब्द ओठांवर आलाच होता. मग त्यांना आठवलं: “मागच्या लोकांना ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा!” हे कोण म्हणालं होतं?

आणि तक्रार केली तर? उद्या पोलीस, परवा पंचनामा, आणि रस्त्यावरचं प्रत्येक दार त्यांच्यासाठी बंद. हे सगळं एका क्षणात मनात आलं. पण त्याही आधी आणखी काहीतरी आलं, आणि ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“चोरी? छे छे, सेन्योरिता. ती सगळी माझी माणसं. अख्खा रस्ता माझाच कारखाना आहे.”

“अरे वा!” यास्मीन म्हणाली. तिचा आवाजच बदलला. “एवढा मोठा?”

“अँडीजमधला सगळ्यात मोठा,” दॉन फोर्तुनातो म्हणाले, आणि ते बोलून झाल्यावर त्यांना तसं वाटायलाही लागलं.

मात्र कारखान्याच्या मालकाला आता आपल्याच कामगारांसमोर हात जोडायला जायचं होतं. ते आधी समोर गेले.

“तेओफिलो, माझी चावी वापरतोस?”

“म्हणजे काय?” दॉन तेओफिलोंना प्रश्नच कळला नाही. “तुम्हीच दिलीत की.”

“मी? कधी?”

“च्याल्याला! दरवेळी पाहुण्यांना काहीतरी आठवण देतात. छातीला लावायला रिबीन, चिमुकली टोपी, बाहुली. तुम्ही काहीच दिलं नाहीत. मला वाटलं, फोर्तुनातो चिकट झाला. मग कासिमिरोने आकडे वाचले, दोनदा वाचले, तेव्हा उमगलं. ही आठवण! मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, किस्बेर्तसारखा दिलदार माणूस या रस्त्यावर दुसरा नाही. सगळेच म्हणतायत. दोन्या नीवेसच्या भाच्याने तर तुमचा फोटो लावलाय यंत्रावर.”

दिलदार! आयुष्यभर ज्या शब्दाची दॉन फोर्तुनातोंनी वाट पाहिली तो शब्द त्यांना मिळाला होता आणि मिळाला होता तो अशा रीतीने की परत करता येत नव्हता.

“तेओफिलो,” ते म्हणाले, “शनिवारी मिरवणूक आहे. झेंडा तसाच पडलाय. तुम्ही सगळे चालू असलात की माझं उघडत नाही. इन्विक्तोस झेंड्याशिवाय निघाले तर मी या रस्त्यावर तोंड दाखवू शकणार नाही रे. उद्या दुपारपुरतं बंद ठेवाल का?”

शनिवारचं काम सगळ्यांचंच होतं. तेओफिलोंच्या यंत्राखाली कोंदोर अर्धवट होता. त्यांनी थोडा वेळ मिशी ओढली.

“नुसतं माझं बंद करून काय होणार?” ते म्हणाले. “सगळ्यांना सांगायला हवं.” आणि ते स्वतःच दारोदार निघाले.

शुक्रवारी जेवणानंतर लॉस आंदेस रस्ता गप्प झाला. आधी समोरचं यंत्र थांबलं, मग त्याच्या शेजारचं, मग खालचं, मग अगदी खालचं. एल आल्तोहून फोन आला, “आमचंही बंद केलं, दॉन फोर्तुनातो, शुभेच्छा!” हा कोण होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या रस्त्यावर दिवसाउजेडी कुत्र्याचं भुंकणं ऐकू येण्याची ती पहिलीच वेळ असावी. दॉन फोर्तुनातोंनी चावी घातली. पडदा उघडला. कोंदोर समोर आला, तसाच, पंख पसरलेला.

यंत्र चालू झालं. एकटं. अख्ख्या रस्त्यावर फक्त त्याचाच आवाज. लोक घरातल्या तिपाया घेऊन दारात येऊन बसले, जसे अंत्ययात्रेला किंवा फुटबॉलला बसतात. दोन्या नीवेसने आपी वाटली. सोनेरी धागा सरकत होता आणि दॉन फोर्तुनातोंना वाटत होतं, या रस्त्याच्या इतिहासात एका माणसासाठी सगळे असे थांबल्याचं कुणी पाहिलंय का? 

शेवटचं पीस शिवून झालं तसा त्यांनी झेंडा दोन्ही हातांनी दारात उंच धरला आणि ओरडले, “झालं!”

रस्त्याने टाळ्यांचा कडकडाट केला. मग सगळे ‘चला रे, आपलं राहिलंय!’ म्हणत आत धावले आणि एकदम सगळी यंत्रं धडधडू लागली.

झेंडा उलटा करून दॉन फोर्तुनातो पुन्हा यंत्राशी आले. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बनवणाऱ्याचं नाव शिवायचं राहिलं होतं: ‘किस्बेर्त भरतकाम’. हे नाव बघूनच मिरवणुकीत निवेदक सांगतो की, झेंडा कुणी केला. त्यांनी कळ दाबली.

ही चावी सध्या दुसरीकडे वापरात आहे.

ते दारापर्यंत गेले. समोर तेओफिलो अर्धा राहिलेला कोंदोर पुरा करत होते, मान वर न करता. दॉन फोर्तुनातो तसेच मागे फिरले. एकदा मागून मिळालं, ते पुन्हा मागायला जीभ रेटेना.

“मी हाताने घालू का नाव?” एर्मिनियाने विचारलं. पण इन्विक्तोसची माणसं बँड वाजवत झेंडा न्यायला दारात आलीच होती.

शनिवारी मिरवणुकीच्या मार्गावर दॉन फोर्तुनातो आपली सर्वांत चांगली टोपी घालून उभे होते. बाजूला एर्मिनिया. आजूबाजूला अख्खा लॉस आंदेस. मोरेनादाचे ढोल जवळ आले, इन्विक्तोसचा झेंडा वळणावरून दिसला आणि ऊन पडताच कोंदोर असा झळकला की शेजारच्या अनोळखी बाईने छातीवर क्रॉसची खूण केली. मंचावर दॉन कासिमिरो माईक घेऊन होते.

“आणि हा झेंडा, सेन्योरास, सेन्योरेस,” त्यांचा आवाज घुमला, “हा भव्य झेंडा तयार केलाय...” त्यांनी झेंडा उलटा करायची खूण केली. झेंडा वळला. मागचा कोपरा कोरा.

दॉन कासिमिरो गप्प झाले. मंचावर हातात माईक असूनही ते गप्प झाले होते. दॉन फोर्तुनातोंनी टोपी डोळ्यांवर ओढली. सगळं झालं, आणि नाव तेवढं नाही. त्यांना वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं.

पण दॉन कासिमिरो हे परवान्याचे पाद्रिनो होते आणि पाद्रिनो आपलं लेकरू विसरत नाही. त्यांनी छाती भरून घेतली.

“तयार केलाय,” ते गरजले, “ए! सात! के! नऊ!”

फूटपाथवर लॉस आंदेसने टाळी वाजवली. सगळ्यांना पाठ होतं. दुसरा गट आला, ग्लास उंचावले. तेओफिलो टोपी हवेत फेकून ओरडले, “आपली चावी! फोर्तुनातोची चावी!” आणि ते ऐकून पुढचे लोकही, काही कळत नसताना, ओरडायला लागले. लाऊडस्पीकर एका चौकातून दुसऱ्या चौकात आकडे नेत होते. दॉन फोर्तुनातोंनी टोपी मागे सारली. झेंड्यावर नाव नव्हतं आणि सगळं शहर त्यांचंच नाव घेत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्यांनी पुसलं नाही.

एर्मिनियाचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. सगळीकडे लोक मोबाइलवर, तळहातावर, पाकिटावर आकडे लिहून घेत होते. “अहो,” ती घाबरून म्हणाली, “अख्खं ला पास लिहून घेतंय!”

इतक्यात मंचावर दॉन कासिमिरो शेवटच्या आकड्यावर आले. सकाळपासून पाचामामाला दिलेल्या प्रत्येक घोटाबरोबर एकेक घोट त्यांनीही घेतलेला होता.

“...आणि शेवटी,” त्यांनी लांबवलं, “तीन!”

एर्मिनियाने सुटकेचा निःश्वास सोडला. “चुकले! देवा, तुझी कृपा. आता ते कुणाला चालणार नाही. वाचलो आपण.”

पण तिच्या शेजारी दॉन फोर्तुनातो चवड्यांवर उंच झाले होते. चेहरा लाल, मान ताठ. आपल्या अस्सल, कायदेशीर, फ्रेममध्ये लावलेल्या चावीबद्दल सगळ्या शहरासमोर चुकीचं काही बोललं जावं हे त्यांना कसं सोसणार?

“आठ!” ते बेंबीच्या देठापासून ओरडले. “आठ आहे, कासिमिरो! शेवटी आठ! नीट सांग सगळ्यांना!”